लांबमानी रस्त्यात बसली

॥ श्री गावदेवी प्रसन्न ॥

मु. शेणवा, ता. शहापूर
कार्तिक शुद्ध दशमी

ती. जयराम भाऊजी यांना सावळारामचा वाकून नमस्कार.

आम्ही इकडे देवीच्या कृपेने बरे आहोत. तुमच्या गुडघ्याला निर्गुडीचा शेक चालू आहे ना? भात झोडून झालं का? आक्काची मान आता वळते का? (माझ्या बाजूला वळत नाही हे ठाऊक आहे. इतर बाजूंचं विचारतो आहे.)

आजकाल पत्र कोण लिहितं, असं तुम्ही म्हणाल. पण भाऊबीज झाल्यापासून मी आक्काला नऊ वेळा फोन केला. पहिल्या वेळी ती, "कोन? मला भाऊ नाय," एवढं बोलली. पुढच्या आठ वेळी तेवढंही बोलली नाही. तुमचा फोन नातीच्या हातात असतो, ती त्यात कार्टून बघते आणि माझं नाव आलं की बोटाने बाजूला सारते. म्हणून हे पत्र. आमची लेक दामिनी परवा तिच्या कामाला मुरबाडला येते आहे, तिच्याच हाती देतो.

सत्तावीस वर्षांत माझी एक भाऊबीज चुकली नव्हती. पायाला प्लास्टर होतं त्या वर्षी मी टेम्पोत आडवा पडून आलो होतो आणि आक्काने मला आडव्यालाच ओवाळलं होतं. (तेलाचा थेंब प्लास्टरवर पडला तो शेवटपर्यंत गेला नाही. डॉक्टरांनी विचारलं, हे काय, तेव्हा मी म्हटलं, बहीण.) या वर्षी चुकली ती एका जनावरामुळे. ते कसं झालं हे आक्काने ऐकून घेतलं नाही, म्हणून तुम्ही ऐका. तुम्ही सोशिक आहात, हे आमच्या घरात सगळ्यांना तुमच्या लग्नापासून माहीत आहे.

तुम्हाला आठवतच असेल, दोन वर्षांपूर्वी हरण्याला पान लागलं, सापाने नेला त्याला, आणि माझ्याकडे एकटा चांद्या उरला. एका बैलाचं औत होत नाही. तुमच्याकडेही एकच उरला होता. म्हणून चांद्याला तुमच्या दारी आणून बांधला. दावं मात्र रिवाजाप्रमाणे परत आणलं. जनावर द्यावं, दावं देऊ नये, गोठ्याची लक्ष्मी दाव्याबरोबर जाते, असं आमचे वडील म्हणत. ते दावं खुंटीला टांगलं आणि मी ओढ्यापलीकडे स्वरूपशेठच्या फार्मवर कामाला लागलो. तिथे शनिवार-रविवार कल्याण-डोंबिवलीची मुलाबाळांची कुटुंबं येतात. ससे, बदकं, शेळ्या, दोन गीर गाई आहेत, आणि एक टर्की कोंबडा आहे जो स्वतःला सरपंच समजतो. लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून फार्मला दोन फेऱ्या मारतात आणि घरी जाताना गवती चहाची जुडी नेतात. मी एकदा स्वरूपशेठना सुचवलं होतं, एक बैलजोडी ठेवू, गाडीत बसवू पोरांना. ते म्हणाले, "सावळाराममामा, बैल बघायला कल्याणहून कोण येणार? काहीतरी वेगळं पाहिजे."

वेगळं फाल्गुनात आलं. टेम्पोचं मागचं फळकं खाली पडलं आणि आतून दोन लामा उतरले, नर आणि मादी. तुम्ही पाहिले नसणार म्हणून सांगतो. तोंड उंटाचं, लोकर मेंढीची, पाय हरणाचे आणि नजर लग्नातल्या वरमाईची. आपण समोर उभे असतो आणि ती आपल्या डोक्यावरून मांडवाच्या दाराकडे बघत असते. स्वरूपशेठच्या बायकोने, कुणालीताईंनी, मादीचं नाव स्टेला ठेवलं. ते गावात कुणाच्या तोंडी बसलं नाही. आमच्या कारभारणीने, बाईजाने, पहिल्याच दिवशी कुंपणाबाहेरून, "ही लांबमानी कुठली गो?" म्हणून विचारलं, आणि तेच राहिलं.

जनावर चांगलं आहे, पण त्याची रीत वेगळी. रागावली की कान मागे पाडते आणि पोटातला हिरवा चोथा थुंकते, नेम धरून. दुसरं म्हणजे ती शौचाला रोज एकाच जागी जाते. एवढी शिस्त आपल्या गावात योजना येऊनही आली नाही. पण तिने निवडलेली जागा नेमकी 'इथे फोटो काढा' या पाटीखालची. मी पाटी हलवली. दुसऱ्या दिवशी तीही हलली. आता पाटीच काढून ठेवली आहे.

आषाढात नर गेला. हवा मानवली नाही, डॉक्टर म्हणाले. मी चिंचेखाली खड्डा केला, मीठ घातलं, उदबत्ती लावली. कुठल्या देवाचं नाव घ्यावं कळेना, कारण त्याच्या देशाचा देव मला माहीत नाही. शेवटी आपल्याच गावदेवीला सांगितलं, पाहुणा आहे, सांभाळून घे. त्यानंतर लांबमानीने खाणं सोडलं. अगदीच सोडलं असं नाही, पण नवीन सून पहिल्या आठवड्यात खाते तेवढंच. मी पहाटे गोठ्यात झाडलोट करताना जप करतो. तेव्हा तीही घशातल्या घशात 'हूंऽऽ' असा आवाज काढायची. मला वाटायचं साथ देते. मग लक्षात आलं, ती जोडीदाराला हाक मारते आहे. तेव्हापासून मी जप मनातल्या मनात करतो. दोघांनी एकदम हाका मारल्या तर ऐकणाऱ्याचा गोंधळ व्हायचा.

दसऱ्याला स्वरूपशेठनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं. पौषातल्या म्हसा गावच्या जत्रेपर्यंत ही खायला लागली, अंगावर आली तर ठीक. पुढे शाळांच्या सहली सुरू होतात, हाडं दिसणारं जनावर मुलांना दाखवता येत नाही. नाहीतर ज्याच्याकडून आणली त्याला परत. आणि मग गोठ्याकडे माणूस कमी लागेल, तर मामा, तुम्ही पार्किंगला या. पार्किंगला शिट्टी असते, भाऊजी. मी उभा जन्म जनावराला तोंडाने चुचकारलं आहे. माणसांवर शिट्टी वाजवणं मला जमणार नाही, आणि मोटारींवर तर नाहीच.

अशा स्थितीत पाडवा आला.

पाडव्याला गोठ्यातलं कुठलंच जनावर कोरं ठेवायचं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. पहाटे उठून गाईंना धुतलं, शिंगं रंगवली, पेल्याची कड गेरूत बुडवून पाठीवर गोल उठवले. शेळ्यांनाही एकेक ठसा दिला. मग वळून पाहिलं तर लांबमानी आपली पांढरीधोप, पाटाखाली ठेवलेल्या नव्या धोतरासारखी. माझं मन मानेना. परदेशातली झाली तरी माझ्या हातचं पाणी पिते. मी तिला दोन्ही बाजूंनी नऊ-नऊ गोल काढले आणि पाठीवर माझा पंजा उठवला. गेरू गाईच्या कातडीवर वाळतो आणि चार दिवसांत झडतो. लोकरीत तो मुरतो, हे मला माहीत नव्हतं. कुणालीताई साडेआठला आल्या. त्या दिवशी पांढऱ्या लामाला पैठणीची शाल घालून पाहुण्यांचे फोटो काढायचे, असं त्यांनी महिन्यापूर्वी ठरवलं होतं. (मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर शालीवर ठसे काढले असते.) त्यांनी शाल खुर्चीवर ठेवली, खुर्चीशेजारी स्वतः बसल्या आणि बराच वेळ त्या पंजाकडे बघत राहिल्या.

इथपर्यंतही निभावलं असतं. पण आमच्याकडे दुपारी वेशीजवळ पेंढ्याची लांब ओळ घालून पेटवतात आणि गावची जनावरं तिच्यावरून उडवतात, तुमच्याकडे उडवतात तशीच. वर्षभराची पीडा त्या धुरात जाते. मला वाटलं, लांबमानीला जी पीडा लागली आहे तिच्यावर डॉक्टरांचं टॉनिक झालं, कॅल्शियम झालं, आता हे एक राहिलं आहे. बाईजा म्हणाली, "अवो, लोकर हाय ती, पेटंल!" पण मी त्याचा विचार केला होता. सगळी जनावरं गेली, जाळ बसला, नुसती धग राहिली की शेवटी न्यायची. फार्मवर तिला बांधायचा निळा पट्टा आहे, पण देवाच्या कामाला प्लास्टिक कशाला, म्हणून घरून खुंटीवरचं चांद्याचं दावं आणलं. दोन वर्षांनी ते हातात घेतलं. अजून त्याला वास आहे.

वेशीपर्यंत ती शहाण्यासारखी आली. गाई उडाल्या, वासरं उडाली, ओळ विझत आली. मी म्हटलं, चल बाय. तिने धुराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुढचे गुडघे मोडले, मागचे मोडले आणि बसली. शहापूर-किन्हवली रस्त्याच्या बरोबर मधोमध, पाय अंगाखाली घेऊन, मान ताठ, जेवायच्या पंगतीला बसल्यासारखी. दोन मिनिटांत एसटी आली. तिच्या मागे भाताच्या पेंढ्यांचा ट्रॅक्टर, त्याच्या मागे दोन टेम्पो, आणि समोरून भाऊबीजेची मिठाई घेऊन निघालेल्या मोटरसायकली. एसटीतली माणसं उतरली. भाऊजी, आपल्या तालुक्यात जनावर अडलं की प्रत्येक जण डॉक्टर होतो.

"कान पिळ रे सावळा तिचा!"

"पान्याचा हात लाव तोंडाला."

"अरं, हिला शिंगा नायत, वेसन नाय, धरायची तरी कुठं?"

"शेपटी पिरगळा, शेपटी!" हे म्हणणारा आमचा नामा. चुलतभाऊ, त्यात नवीन सदरा घातलेला, आणि बैलाला उठवायचं म्हणजे काय ते मला विचारा, असं वीस वर्षं सांगत आलेला. मी म्हटलं, नामा, तिचे कान बघ. तो म्हणाला, "कानाचा काय बघायचा? काम शेपटीशी हाय." तो मागच्या बाजूला गेला. लांबमानीने उठायचे कष्ट घेतले नाहीत. नुसती मान फिरवली. (ती मान कुठपर्यंत फिरते याचा अंदाज गावात कुणालाच नव्हता.) नामाच्या नव्या सदऱ्यावर छातीपासून खिशापर्यंत हिरवा पट्टा उठला. एसटीतल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. नामा म्हणाला, "बघतो तुला," आणि विहिरीकडे गेला. तो अजून माझ्याशी बोलत नाही, पण तो आधीही कामापुरताच बोलायचा.

वाशिंदच्या कंपनीतला एक तरुण पाळी संपवून किन्हवलीला घरी चालला होता. त्याने मोबाईल काढून वाचलं आणि सगळ्यांना ऐकवलं, "काका, यात लिहिलंय, लामा बसला की ओढायचा नाय. त्याचा विचार बदलेपर्यंत थांबायचं." ड्रायव्हरने खिडकीतून विचारलं, "टाइम किती लागतो ते लिहिलंय का?" ते लिहिलेलं नव्हतं. मी तिच्याशेजारी मातीत बसलो. दुसरं काय करणार? हात जोडायचीही लाज वाटली, कारण मीच तिला देवाच्या नावाने आणलं होतं. मी एवढंच म्हणालो, देवी, हिची पीडा राहू दे, ह्या एसटीची तेवढी काढ.

पाऊण तास झाला असेल. सगळ्यांच्या मागून ठाकूरवाडीचा जैतू आला. त्याला नेहमीच उशीर होतो, कारण त्याचा बैल म्हातारा आहे. एक शिंग अर्धं, पाठीला गेरूचे दोन पुसट ठसे, आणि चाल अशी की दोन पावलांच्या मध्ये आपण तंबाखू मळून घ्यावी. जैतूने रस्त्यावरच्या गर्दीकडे पाहिलंही नाही. "सरा रे," म्हणाला आणि बैल राखेवरून हळूहळू चालवत नेला. आणि भाऊजी, मी शपथेवर सांगतो, लांबमानी उठली. कुणी ओढली नाही, कुणी हाकलली नाही. त्या बैलाच्या मागोमाग राखेवरून गेली, त्याच्या पुठ्ठ्याला नाक लावून. माझ्या हातून दावं कधी सुटलं मला कळलं नाही. एसटी गेली, ट्रॅक्टर गेला, आणि ती दोघं वाडीच्या पायवाटेने अशी निघाली की जत्रेहून घरी चालली आहेत.

मी पोहोचलो तेव्हा ती जैतूच्या गोठ्यात बैलाशेजारी उभी राहून पेंढा खात होती. आषाढापासून पहिल्यांदा पोटभर. मी दारातच बसलो, आणि डोळ्यांत धूर गेला होता म्हणून डोळे पुसले.

मग स्वरूपशेठचा फोन. "मामा, बोर्डवर लामा लिहिलंय, तीस माणसं विचारतायत लामा कुठाय!" मी म्हटलं, जैतूच्या अंगणात. शेवटी ट्रॉली भरून पाहुणे तिथेच आले. जैतूच्या बायकोने, भिमीने, सगळ्यांना कोरा चहा दिला, पोरांनी लांबमानीबरोबर फोटो काढले. खरं सांगायचं तर जास्त फोटो बैलाचेच काढले. डोंबिवलीच्या एक बाई त्याच्या मोडक्या शिंगावरून हात फिरवत मला म्हणाल्या, "किती शांत आहे हो. हा नेहमी असतो का इथे?" स्वरूपशेठ शेजारीच उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहण्याची गरज नव्हती.

संध्याकाळी तिला परत आणायला गेलो तर ती बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तरी बसलेलीच. तो दिवस भाऊबीजेचा. मी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, आक्काची साडी पिशवीत घालून जैतूच्या गोठ्यात बसलो होतो. आता उठेल, मग उठेल, दहाची गाडी मिळेल, बाराची मिळेल, असं करत तीन वाजले. शेवटी जैतू स्वतः बैल घेऊन फार्मवर आला. त्याच्या मागे ती आली, आम्ही फाटक लावलं, आणि बैलाला मागच्या दाराने बाहेर काढला. अशी फसवणूक मी आजवर कुठल्या जनावराची केली नव्हती. तेव्हापासून ती मागच्या दाराकडे तोंड करून उभी असते. आक्काला सांगा, सावळाच्या कपाळाला या वर्षी टिळा नाही, आणि जे झालं ते त्याच्या कपाळातच लिहिलेलं होतं.

मी जैतूकडे त्याचा बैल मागून पाहिला. तो म्हणाला, "एक दिस दिला दादा. रोज दिला तं माझी लाकडा कोन ओढंल, तू?" त्याचं बरोबर आहे. भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी कुणालीताईंनी गेरू काढायला शेणव्याच्या सलूनमधल्या सुनीलला बोलावलं. त्याने मशीनने अंगाची लोकर उतरवली आणि मान-डोकं सवयीने तसंच ठेवून वर भांग पाडला. आता ती लग्नाचं बघायला निघालेल्या पोरासारखी दिसते. असो. म्हशाची जत्रा पौषात, म्हणजे दोन महिने आहेत. देवीची इच्छा असेल ते होईल.

आक्काची साडी आणि एक लहान उशी दामिनीबरोबर पाठवतो आहे. उशीत लांबमानीची लोकर भरली आहे, मानेला फार मऊ. पातळ अभ्र्यातून मधोमध तांबडं दिसेल, तो डाग नाही. तो माझा पंजा आहे.

थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आक्काला काय ते तुम्हीच ठरवा.

तुमचा मेहुणा,
सावळाराम

ता. क. चांद्या कसा आहे? तुम्ही यंदा पॉवर टिलर घेतल्याचं दामिनीकडून कळलं, आनंद झाला. म्हणजे तो आता मोकळाच उभा असेल. बहिणीच्या दारात बांधलेलं जनावर भावाने परत मागू नये, हे मला कळतं, आणि मी मागतही नाही. तो तुमचाच. पण लेकीसुना दिवाळीनंतर चार दिवस माहेरी येतात, तसा त्याला होळीपर्यंत पाठवला तर? इथे त्याला काम काही नाही. लांबमानीच्या शेजारी उभं राहून रवंथ करायचा. स्वरूपशेठ 'कल्याणहून कोण येणार' असं आता म्हणत नाहीत, परवा स्वतःहून विचारलं, "मामा, एखादा म्हातारा, शांत बैल बघण्यात आहे का?" मी म्हटलं, विचारून बघतो.

ता. क. दुसरा. हे आक्काला जेवण झाल्यावर सांगा. आणि आधी उशी द्या.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवलं होतं, ते उघडून लिहितो आहे, कारण उद्या एकादशी आणि खोटं पत्र पाठवून उपास करणं बरं नाही. लोकर उतरल्यापासून लांबमानी दोन्ही वेळा खाते आहे. तिला उकाडाच होत असावा. अंगावरही यायला लागली आहे. स्वरूपशेठना मी अजून सांगितलेलं नाही, ते कुंपणापलीकडून बघतात आणि तिकडून तिची फक्त मान दिसते. तेव्हा तिच्यासाठी बैल लागतोच असं नाही. पण दावं मी पुन्हा खुंटीला टांगलेलं नाही. उशाशी ठेवलं आहे. तुम्ही एक करा, सकाळी कुणी नसताना चांद्याच्या कानाशी जाऊन हळूच 'सावळा' म्हणा आणि कान हलतो का ते कळवा. हलला तर टेम्पो पाठवतो. नाही हलला तरी पाठवतोच, पण मग मी स्वतः बरोबर येईन.